गाडी गंधे सरांची नाही

गंधे सरांच्या कंपाउंडच्या भिंतीवर नगरपालिकेनं नोटीस डकवली, आणि ती वाचणारं कॉलनीतलं शेवटचं माणूस म्हणजे स्वतः गंधे सर. त्याआधी पेपरवाल्यानं वाचली आणि पेपर टाकता टाकता "सर, होईल सगळं नीट" असा धीर देऊन तो पुढे गेला. भाजीवालीनं कुणाकडून तरी वाचून घेतली. समोरच्या मेडिकलवाल्यानं तर फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली जोडलेले हात टाकले. सर चहाचा कप घेऊन फाटकाशी आले, तेव्हा रस्त्यावरची माणसं त्यांच्याकडे अशा काही नजरेनं बघत होती की त्यांना वाटलं, आपल्याच घरात कुणी गेलं की काय!

तालुक्याचं नाव मी सांगत नाही. ती नगरपालिका अजून तिथंच आहे आणि घरपट्टी मलाही भरायची असते.

नोटिशीत लिहिलं होतं की, श्री. शरच्चंद्र गंधे यांच्या मालकीचे बेवारस वाहन सार्वजनिक रस्त्यावर पडून आहे. पुढच्या सोमवारी कार्यालयात मालक हजर करावा, नाहीतर मालक म्हणून सही करून दंड भरावा. दोन्ही न केल्यास पालिकेच्या दारातल्या फलकावर 'कसूरदार' म्हणून नाव लावण्यात येईल. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं. सबंध नोकरीभर नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस तो. 'मालकीचे' आणि 'बेवारस' या दोन शब्दांखाली रेघ ओढून त्यांनी समासात लिहिलं, 'दोन्हीपैकी एक ठरवा.' मग सरकारी कागदावर लिहिणं हाही गुन्हा असू शकेल हे आठवलं, तेव्हा पेन गुपचूप खिशात गेलं.

वाहन म्हणजे एक व्हॅन. कधीकाळी पांढरी. सर आणि नीलांबरीबाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले होते, ते परत आले तर ही फाटकाच्या निम्म्यावर उभी. आता कुणालाही वाटेल की माणूस लगेच विचारेल, कुणाची हो ही गाडी? पण गंधे सरांसारख्यांचं तसं नसतं. कुणाकडे पाहुणे आले असतील, आपण हटकलं तर त्यांना काय वाटेल, असा विचार करून त्यांनी आठवडा काढला. मग शेजारच्या आबासाहेबांना भीत भीत विचारलं. आबासाहेब म्हणजे बागायतदार माणूस, मळा भावाकडे सोपवून पोरांच्या शाळेसाठी कॉलनीत राहायला आलेला, दारात ट्रॅक्टर, तोंडात सदा एकच वाक्य, "आपला शब्द म्हंजी दस्त!" ते आभाळाकडे बघून म्हणाले, "आसंल कुनाची तरी. जाईल उद्या." हा उद्या काही उजाडला नाही. मधल्या काळात चाकांतली हवा गेली, काचा गेल्या, मागच्या सीटवर मांजर दोनदा व्याली, जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं, पण व्हॅन काही जागची हलली नाही. सर फाटक अर्धं उघडून अंग चोरून बाहेर पडायला शिकले.

हे सगळं ठीक. पण तिचे मालक गंधे सर कसे झाले? तर त्याचं मूळ घरातच होतं.

नोटीस घेऊन सर तडक पालिकेत गेले. तिथं स्वच्छता विभागात रविराज बसतो. रविराज हा सरांचाच विद्यार्थी, 'नागरिकांची कर्तव्ये' या धड्यावर दरवर्षी नापास होणारा. सरांना बघून तो खुर्चीतून अर्धा उठला, पण मग आपण साहेब आहोत हे आठवून परत बसला.

"सर, कागदावरचा मालक आमाला सापडंना. पत्र पाठवलं तर 'पत्ता अपुरा' म्हणून परत आलं. मग ताबा कुणाचा दिसतोय ते बघितलं." असं म्हणून त्यानं मोबाईलमधला फोटो पुढे केला. फोटोत व्हॅन होती. व्हॅनला झेंडूची ठसठशीत माळ होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, टायरखाली फुटलेला नारळ होता आणि आरशाला आपट्याची पानं खोचलेली होती. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हाय. आन् हा त्याच्या आदल्या सालचा. सर, माणूस दुसऱ्याच्या गाडीची पूजा कशाला करंल?"

सरांनी फोटो दोनदा बघितला आणि घराकडे वळले.

घरी आल्यावर त्यांनी नीलांबरीबाईंना विचारलं. बाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "मीच केली. त्यात काय लपवायचंय? दरवर्षी करते, तुमचं लक्ष असतं कुठं? आपल्या स्कूटरला माळ घातली, शिलाई मशीनला घातली, मिक्सरलाही घातली, एक माळ उरली. झेंडू काय फेकून देऊ? सणासुदीचं दारात उभं आहे बिचारं, सगळ्या गाड्या नटल्यात आणि तिचंच कपाळ पांढरं! मला नाही बघवलं."

"अगं, पण नारळ?"

"नारळाशिवाय पूजा होते का?"

सर चिडले, पण कुणावर चिडावं ते कळेना, म्हणून नुसतेच चिडले. "चोर सोडून संन्याशाला सुळी!" असं ते दिवसभर पुटपुटत होते. कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? दंड भरावा, मोकळं व्हावं. अख्खी कॉलनी तेच म्हणत होती. पण सरांनी जन्मभर पोरांना एक गोष्ट घोकून घेतली होती, की जे खरं नाही त्याखाली सही करायची नाही. आता स्वतःच 'मी मालक' म्हणून खोटी सही ठोकायची, नाहीतर कसूरदाराच्या फलकावर नाव मिरवायचं! त्या फलकासमोरून गावातला प्रत्येक माणूस दाखल्याला जातो, आणि त्यातला निम्मा गाव सरांच्या हाताखालून गेलेला.

संध्याकाळी आबासाहेब सल्ला द्यायला आले. सल्ला द्यायला ते कधीच उशीर करत नाहीत.

"सर, लई सोपं हाय. चार पोरं बोलावतो, ढकलून देऊ म्होरच्या कॉलनीत. तितले लोक त्याच्या म्होरं ढकलतील. आसं करत करत जाईल शिर्डीला."

"हा कायदेभंग आहे, आबासाहेब."

"मंग सही करा आन् मोकळं व्हा. तुमी शिकल्याली मान्सं लई ताणता बगा! भंगारवाला आपल्या वळकीचा हाय, आपला शब्द म्हंजी दस्त."

"मेलो तरी सही करणार नाही," सर म्हणाले. नीलांबरीबाईंनी आबासाहेबांना चहा दिला आणि "अहो, असं अभद्र बोलू नये" असं सरांना दटावलं.

मग सरांनी स्वतःच्या बुद्धीनं एक उपाय काढला. अशा वेळी माणसानं स्वतःची बुद्धी वापरू नये, पण वापरली. पुठ्ठ्यावर शाळेतल्या फळ्यावरच्या त्यांच्या त्या सुप्रसिद्ध टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'ही गाडी गंधे सरांची नाही,' आणि व्हॅनवर टांगलं. परिणाम चार दिवसांत दिसला. ज्या लोकांना तोवर गाडीशी काही देणंघेणं नव्हतं, ते थांबून वाचू लागले. वाचून लक्षात काय राहतं, तर गाडी आणि गंधे सर. कुरिअरवाल्यांना लोक पत्ता सांगू लागले, "गंधे सरांच्या गाडीपासून डावीकडे." रिक्षावाले "सरांची गाडी" असा स्टॉपच म्हणायला लागले. एक भंगारवाला येऊन फाटक वाजवून विचारून गेला, "सर, नाही म्हणता ते ठीक, पण द्यायची केवढ्याला?" सरांनी पुठ्ठा काढून टाकला, तर मेडिकलवाला म्हणाला, "अरे वा! म्हणजे झाला तर निर्णय."

शेवटी मार्ग काढला तो नीलांबरीबाईंनीच. व्हॅनच्या मागच्या पाटीचा नंबर त्यांनी मोबाईलवरच्या सरकारी अॅपमध्ये टाकला. मालकाच्या नावात पहिलं अक्षर 'वै', शेवटचं 'थ' आणि मध्ये नुसत्या चांदण्या. बाई शब्दकोडी सोडवणाऱ्या. भाजी फोडणीला टाकेपर्यंत 'वैजनाथ' निघालासुद्धा. मागच्या दारावर रंग उडालेली 'राजूर–भंडारदरा' अशी अक्षरं होतीच. म्हणजे गाडी अकोले तालुक्यातली, वडापची, सीटवर माणसं कोंबून नेणारी. सर म्हणाले, "रविवारी राजूरला जातो. मालक हाताला धरून आणतो!" आबासाहेबांना त्यांनी सोबत बोलावलं, गावाकडच्या माणसांशी बोलायला बरं म्हणून. राजूरचं नाव काढताच आबासाहेबांची पाठ धरली. एवढा गडी, ट्रॅक्टरचं चाक एकटा काढणारा, पण कमरेत असा काही वाकला की सरांनीच त्यांना घरापर्यंत पोचवलं.

तेव्हा सर एकटेच गेले. अकोल्यापर्यंत एसटी, पुढं राजूरपर्यंत एसटीच, आणि तिथून जीपमध्ये दोघांच्या मांड्यांवर अर्धे अर्धे बसून. राजूरच्या स्टँडवर 'वडापवाला वैजनाथ' म्हटल्यावर लगेच माहिती मिळाली. माणूस डोंगराच्या पायथ्याशी भाताच्या खाचरात उभा होता. सरांनी बांधावरून "व्हॅनचे मालक तुम्हीच का?" असं विचारलं मात्र, वैजनाथ चिखलातून पळतच सुटला. पुढे तो, मागे "अहो, थांबा, मी शिक्षक आहे!" असं ओरडणारे सर. सरांची एक चप्पल खाचरानं ठेवून घेतली ती घेतलीच.

शेवटी दम लागून दोघं बांधावर बसले. वैजनाथ रडकुंडीला आला होता.

"साहेब, गाडी म्या कवाच इकली. घेनाऱ्यानं कोऱ्या फारमावर सह्या घेतल्या, म्हनला, नावावर करून घेतो. त्यानं केलीच न्हाई! कुनी म्हनतं, तुज्याच नावावर हाय, उद्या तिनं मानूस उडीवला तर तूच आत. लई भ्या वाटतं बगा. कोनी बी चप्पल घालून बांधावर आलं की मी पळतो."

सरांना कायदा पाठ होता. कागदावर ज्याचं नाव, तो मालक. व्यवहार तोंडी झाला काय नि कोऱ्या फॉर्मवर झाला काय, नाव बदलेपर्यंत दंड, खटला, जबाबदारी सगळी ह्याचीच. ह्याला सोमवारी रविराजच्या टेबलासमोर उभा केला की गंधे सर तिथल्या तिथं सुटतात. सरांनी वैजनाथच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे बघितलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. हाही आपल्यासारखाच संन्यासी! एकाला सुळावरून उतरवून दुसऱ्याला चढवायचं, एवढंच?

"मी तुमचं नाव सांगणार नाही," सर म्हणाले. "पण गाडी घेतली कुणी?"

"नाव कुठं ध्यानात हाय? तुमच्याच गावचा हाय. जाडजूड मानूस. दुधाचे कॅन वाहायला पायजे म्हनला. लई गोड बोलायचा. दर वाक्याला म्हनायचा, आपला शब्द म्हंजी दस्त."

मग गंधे सर एकट्यानंच हसायला लागले, आणि ते हसणं काही बरं नव्हतं. वैजनाथ परत पळायच्या बेतात होता, पण बायकोनं कोरा चहा आणला म्हणून थांबला.

रात्री सर परतले, तेव्हा आबासाहेब ओट्यावर बसले होते. कंबर साफ बरी झाली होती.

"सापडला का वं कोन?"

"सापडला."

"आन् मंग? आनला का न्हाई?"

"नाही," सर म्हणाले आणि एका चपलेनिशी आत गेले. आबासाहेबांनी दुसऱ्या पायाचं काय झालं हेसुद्धा विचारलं नाही.

खरी गोष्ट पुढं सगळ्यांना कळली, ती इथंच सांगून टाकतो. आबासाहेबांच्या कारभारीण छबूबाई यांनी निक्षून सांगितलं होतं, जुनी गाडी घ्यायची नाही. आबासाहेबांनी घेतली. घरी आणता आणता इंजिन जाम झालं, ते नेमकं गंधे सरांच्या फाटकापुढे. सर पुण्याला. आबासाहेबांनी विचार केला, इथं उभी राहिली तर छबूला वाटंल, सरांकडं कुनी आलंय. आणि खरंच वाटलं. छबूबाई तर कित्येकदा आबासाहेबांना म्हणायच्या, "बगा, शिकल्याली मान्सं, पर गाडी कशी सडवलीय!" तेव्हा आबासाहेब मान डोलवायचे.

सोमवारी पालिकेत रविराजनं पंच म्हणून शेजाऱ्यालाच बोलावलं होतं. म्हणजे आबासाहेबांनाच! ते कोपऱ्यातल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. नीलांबरीबाई "माझ्या झेंडूनं झालंय, मी येणारच" म्हणून आल्या होत्या. दोन कारकून होते. रविराजनं घसा साफ केला.

"पंच, सांगा. या वाहनाची देखभाल कोण करतं?"

"सर दर दसऱ्याला पुजत्यात," आबासाहेब फरशीकडे बघत म्हणाले. "मी डोळ्यानं बगितलंय."

नीलांबरीबाई उठायला लागल्या, त्यांना सरांनी हातानं बसवलं. रविराजनं कागद पुढे सरकवला. "सर, मालक हजर करता का सही करता? मला पण वर उत्तर द्यायचंय."

सर उभे राहिले. सरळ. शाळा सुटल्यापासून ते इतके सरळ उभे राहिले नव्हते.

"मी सही करणार नाही. कागदावर ज्याचं नाव आहे, तो गरीब माणूस फसलाय. त्यालाही मी हजर करणार नाही, काय करायचं ते करा. पण गाडी ज्यानं घेतली तो या खोलीत आहे."

सगळ्यांनी सरांकडेच बघितलं. रविराज म्हणाला, "तेच तर आमी म्हणतोय सर. करा ना मग सही."

"रविराज, मध्ये बोलायचं नाही. मी कुणाचंही नाव घेणार नाही. ज्यानं केलंय तो आपणहून उभा राहील. तोपर्यंत वर्ग सुटणार नाही."

आणि सरांनी पंखा बंद केला, दार लोटलं आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. आता कुणी म्हणेल, हे पालिकेचं कार्यालय, तिथं एका निवृत्त मास्तरचं कोण ऐकेल? ज्यानं गंधे सरांच्या हाताखाली शाळेचे दिवस काढले नाहीत, त्यानंच हे म्हणावं. दोघंही कारकून त्यांचेच विद्यार्थी निघाले. दोघांनी हाताची घडी घातली. रविराजनं एकदा "सर, लोक बाहेर थांबलेत" असं म्हटलं. सरांनी नुसतं बघितलं, तर त्यानं टेबलावरचे हात खाली घेतले.

वेळ गेला. बाहेर दाखल्याची रांग कुरकुरू लागली. एका कारकुनाच्या डब्यातून मेथीच्या भाजीचा वास सुटला. आबासाहेबांचा सदरा पाठीला चिकटला. त्यांनी टोपी डाव्या मांडीवरून उजवीवर घेतली, उजवीवरून डावीवर घेतली, खिडकीतून ट्रॅक्टर दिसतो का बघितलं. सर त्यांच्याकडे एकदाही बघत नव्हते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

शेवटी मोठ्या मिशांच्या त्या बागायतदारानं करंगळी वर केली.

"सर... जाऊन येऊ का?"

"जा की," सर कॅलेंडरकडेच बघत म्हणाले. "पण आधी उभं राहून जे सांगायचंय ते सांगा, मग जा."

आबासाहेबांनी दाराकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि मग ताडकन उभे राहिले. "माजी हाय! माजी हाय वं ती! मी घेतली, नावावर करायची ऱ्हाऊन गेली. ऱ्हाऊन कुठली, केलीच न्हाई. इंजान बसलं, छबूला काय तोंड दावू म्हनून तितंच ठिवली. पायजे तितं सही करतो. पर घरात कळू देऊ नका... आन् सर, आता जाऊ का?"

"सही करून जा. आणि याच आठवड्यात राजूरला जाऊन त्या माणसाचं नाव कागदावरून काढा, काय तो दंडही तुम्हीच भरा. त्याच्या खाचरात माझी चप्पल आहे, तीही आणा."

आबासाहेबांनी सही केली. कशी केली ते बघायला ते थांबले नाहीत. वाटेत एक खुर्ची पाडून गेले. नीलांबरीबाईंना त्यांची इतकी दया आली की छबूबाईंना आपण काही बोलणार नाही असं त्या बोलून गेल्या, आणि मग अशी दया दाखवणं आपल्याला महागात पडतं हे झेंडूवरून आठवून त्यांनी जीभ चावली.

रविराजनं सुटकेचा श्वास टाकला, फाईल बांधली आणि उठला. "संपलं सर. चला, जेवायची वेळ झाली."

"संपलं कुठं? माझ्या भिंतीवर लावलंय, ते?"

"ती नोटीस? ती काढून टाकतो की, उद्या माणूस पाठवतो."

"नुसती काढायची नाही. जेवढ्या मोठ्या कागदावर मी मालक म्हणून लिहिलंत, तेवढ्याच मोठ्या कागदावर मी मालक नाही हे लिहायचं. त्याच भिंतीवर, त्याच जागी लावायचं. 'चूक झाली' हे शब्द त्यात पाहिजेत."

"सर, तशी पद्धत नसते. पालिका आपली चूक लिहून देत नाही. आजपर्यंत कुणाला दिलेली नाही."

"असं का?" सर म्हणाले. त्यांनी खुर्ची पुन्हा नीट दाराला लावली आणि हाताची घडी घातली. "मग बस खाली."

रविराज दाराकडे बघत राहिला, डब्याकडे बघत राहिला, आणि मग खाली बसून त्यानं कोरा कागद ओढला.